आधी खिशातून, मग खात्यात

या महिन्यात पत्रं जवळजवळ सगळी एकाच गोष्टीची. वायरलेसवर नाहीतर गाड्यांच्या कम्युनिकेशनवर पेपर लिहिलाय, बाहेरच्या परिषदेने घेतलाय, आता जायचं कोणाच्या पैशाने? फर्मागुडी, कुंकळ्ळी, झुवारीनगर, ताळगाव पठार, सगळीकडून आलीत. अर्ध्या जगाच्या परिषदा गोव्यात होतात, हॉटेलं भरतात, आणि आपल्या पोराला बाहेर जायचं म्हटलं की घरात बैठक बसते. तर आज एवढंच, सासूच्या नि सर्व्हिस बॉण्डच्या तक्रारी पुढच्या अंकात.

ताई, मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझा पेपर व्हीटीसीला, म्हणजे व्हेइक्युलर टेक्नॉलॉजी कॉन्फरन्सला अ‍ॅक्सेप्ट झालाय, परिषद युरोपात आहे. सगळा हिशोब १ लाख ९० हजारांच्या आसपास जातो. फेलोशिप ४२ हजार आहे पण ती दोन-दोन तीन-तीन महिने अडकते. गाइड म्हणतात ग्रँट बघ. कुठे बघू? आणि मिळाली तर पैसे जायच्या आधी हातात येतात का? (फोंडा)

अभिनंदन रे. तुझा शेवटचा प्रश्न खरं तर पहिला आहे म्हणून त्याचंच आधी सांगते. नाही येत. आधी येते ती मंजुरी. पैसे येतात तू जाऊन आल्यावर, बिलं लावल्यावर, फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेल्यावर. म्हणजे तुला दोन माणसं शोधायचीत, एक पैसे देणारा आणि दुसरा तोवर पैसे फिरवायला देणारा, आणि सगळी पोरं पहिल्याच्याच मागे धावतात, दुसऱ्याची आठवण तिकीट काढायच्या रात्री होते.

आधी देणारे बघू. व्हीटीसी ज्यांची आहे ती आयईईई या इंजिनिअरांच्या जागतिक संस्थेची व्हेइक्युलर टेक्नॉलॉजी सोसायटी स्वतःच विद्यार्थ्यांना ट्रॅव्हल ग्रँट देते. परिषद वर्षातून दोनदा, स्प्रिंग आणि फॉल, त्यामुळे ग्रँटचा अर्जही त्या त्या परिषदेचा वेगळा. साधारण त्यांना हे हवं असतं की पेपरचा लेखक तू आहेस, स्टेजवर तूच उभा राहणारेस, तू स्टुडंट मेंबर आहेस, गाइडचं पत्र आहे आणि खर्चाचा अंदाज प्रामाणिक आहे. मेंबरशिप आजच घे, अर्जाच्या शेवटच्या दिवशी मेंबर नंबरची वाट बघत बसलेली पोरं मी पाहिलीत. आणि सीनियरचं बजेट कॉपी मारू नकोस, व्हीटीसी २०२४ ला सिंगापूर नि वॉशिंग्टनला होती, २०२५ ला ऑस्लो नि चेंगडूला, सिंगापूरला जाऊन आलेल्याचे आकडे ऑस्लोवाल्याने लिहिले तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. तुझा पेपर जास्त करून नेटवर्कचा असेल, उद्या आयसीसी किंवा ग्लोबकॉम या कम्युनिकेशनच्या परिषदांना गेला, तर तिथे आयईईईच्याच कम्युनिकेशन्स सोसायटीची ग्रँट असते, ती वेगळी.

दुसरं दार दिल्लीचं. ज्याला आपण सर्ब म्हणायचो, संशोधनाला पैसे देणारं केंद्र सरकारचं मंडळ, ते २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलं, पण इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट ही योजना ओळखीचीच आहे, जवळच्या मार्गाने इकॉनॉमीचं विमानभाडं, रजिस्ट्रेशन, व्हिसा फी. राहण्याजेवणाचं त्यात धरू नकोस. म्हणून जोड लावायची. विमान दिल्लीच्या पैशातून, हॉटेल सोसायटीच्या ग्रँटमधून, इन्शुरन्स नि लोकल ट्रेन तुझ्या कंटिंजन्सीतून, म्हणजे फेलोशिपबरोबरच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, किंवा गाइडच्या प्रोजेक्टच्या ट्रॅव्हल हेडमधून. फक्त एकच बिल दोन ठिकाणी लागता कामा नये, आणि दोन ठिकाणी अर्ज केलाय हे दोघांनाही अर्जातच लिहून टाकायचं. लपवलेलं नंतर निघालं तर तुझ्या मागून येणाऱ्या ज्युनियरचीही वाट लागते.

आता एक खड्डा दाखवून ठेवते. सरकारी पैशातून विमानाचं तिकीट असेल तर ते बाल्मर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांपैकीच एकाकडून काढायचा नियम आहे. तुला मोबाइलवर तेच विमान सात हजारांनी स्वस्त दिसणार, तू म्हणणार चला सरकारचे पैसे वाचवले, आणि चार महिन्यांनी क्लेम परत येणार. कोणाच्या पैशातून विमान बसतंय ते आधी ठरव आणि मगच बुकिंग कर.

आता फिरवायला पैसे. सगळ्यात चांगला तुझ्या संस्थेचा अ‍ॅडव्हान्स, आणि तो मागायला पोरं का लाजतात मला कधी कळलेलं नाही. मंजुरीचं पत्र लावून अकाउंट्स सेक्शनला अर्ज दे, बऱ्याच ठिकाणी अंदाजे खर्चाचा मोठा भाग आधी देतात, परत आल्यावर ठरलेल्या दिवसांत सेटल करायचा. सेटल केला नाहीस तर फेलोशिपमधून कापतात आणि मग तू मलाच पत्र लिहिशील. ते नाही जमलं तर गाइड, ते नाही तर वडिलांच्या ओळखीची पतसंस्था, ते नाही तर मामा. क्रेडिट कार्ड सगळ्यात शेवटी, कारण ग्रँटवाले तिकिटाचे पैसे देतात, तिकिटावर चढलेलं व्याज देत नाहीत.

आणि बोर्डिंग पास. माझं सांगते. मी पीएचडी करताना मे महिन्यात जाऊन आले, सगळी बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात साड्यांखाली ठेवली, अगदी जपून हो. मग पाऊस सुरू झाला. आपला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको, चामड्याच्या चपलेला बुरशी येते, पापड वातड होतात. चवथीच्या आधी ऑफिसातून निरोप आला की ओरिजिनल घेऊन या, पिशवी उघडते तर येतानाचा बोर्डिंग पास कोराकरकरीत. तो कागद थर्मल, शाई नसतेच त्यावर, उष्णतेने उमटलेली अक्षरं दमटपणात नि प्लास्टिकला चिकटून उडून गेली. फाइलवर शेरा, सुवाच्य नाही. मग विमान कंपनीला मेल, त्यांचं प्रवास केल्याचं सर्टिफिकेट, परत तीन महिने. तेव्हापासून मी विमानातून उतरल्या उतरल्या बॅगेच्या पट्ट्याशी उभी राहूनच फोटो काढते, घरी आले की झेरॉक्स, आणि ओरिजिनल वर्तमानपत्राच्या घडीत, प्लास्टिकमध्ये नाही.

मी स्टुडंट रेटने रजिस्ट्रेशन केलं, स्वस्त होतं म्हणून. आता ते म्हणतात यावर पेपर कव्हर होत नाही. फसवलं का मला? (मडगाव)

फसवलं नाही बाय, बारीक अक्षर तू वाचलं नाहीस. आयईईईच्या बऱ्याच परिषदांत प्रत्येक पेपरमागे एक तरी ऑथर रजिस्ट्रेशन लागतं आणि ते बहुतेक वेळा पूर्ण दराचं असतं, लेखक विद्यार्थी असला तरी. स्टुडंट रेट हा नुसतं बसून ऐकणाऱ्यांसाठी. काही ठिकाणी स्टुडंट ऑथर म्हणून मधला दर असतो, पण धरून चालायचं नाही. आजच त्यांना मेल कर की फरकाची रक्कम भरून बदलून द्या, कॅमेरा-रेडीच्या, म्हणजे छापायचा अंतिम पेपर द्यायच्या तारखेआधी असशील तर बहुतेक करतात. आणि ही फी गाइडच्या प्रोजेक्टमधून जाऊ दे, पेपरवर त्यांचंही नाव आहे ना!

मॅडम, माझा मुलगा गाड्यांच्या वायरलेसवर पीएचडी करतो. १५ मिनिटं बोलण्यासाठी दोन लाख खर्च करून जायचं म्हणतो. कोरोनात सगळं घरात बसून झालंच की. मग आता का जायचं? (साखळी)

तुमचा प्रश्न चुकीचा नाही हो, दोन लाखात आपल्याकडे पागोळीचे पत्रे बदलून वर सोप्याला रंग निघतो. पण आधी मुलगा करतो काय ते बघा. तुम्ही साखळीचे, म्हणजे चोर्ला घाटातून बेळगावला कितीदा गेला असाल. धुकं, वळण, पुढचा ट्रक अचानक थांबलेला, आणि मोबाइलला रेंज नाही. आता समजा ट्रकने ब्रेक मारल्याबरोबर तुमच्या गाडीला परस्पर निरोप दिला, टॉवर नको, इंटरनेट नको, गाडीतून गाडीत. हेच ते. प्रत्येक गाडी साधारण सेकंदाला दहा वेळा सांगत राहते की मी इथे आहे, एवढ्या वेगात आहे. फोर-जीच्या स्टँडर्डमध्ये हे २०१७ ला आलं, फाइव्ह-जीच्या २०२० ला. कामाचं आहे की नाही सांगा.

आणि १५ मिनिटांचं म्हणाल तर त्या १५ मिनिटांसाठी कोणी जात नाही. खरं काम चहाच्या टेबलाशी होतं. उदाहरण देते, अमेरिकेने १९९९ ला या गाड्यांच्या निरोपांसाठी ५.९ गिगाहर्ट्झला ७५ मेगाहर्ट्झ जागा राखून ठेवली आणि २०२० ला त्यातली ४५ वायफायला देऊन टाकली, उरलेल्या ३० मध्ये कोणतं तंत्र चालेल तेही बदललं. ज्यांची दहा-दहा वर्षं जुन्या तंत्रावर गेली त्यांचं काय झालं असेल? हे असं वारं कुठल्या दिशेने फिरतंय ते छापून येण्याआधी तिथे कळतं, आणि थिसिसचं चौथं वर्ष चुकीच्या गोष्टीवर घालवण्यापेक्षा दोन लाख स्वस्त. शिवाय पेपर कोणी सादरच केला नाही तर आयईईईवाले तो एक्सप्लोर या त्यांच्या संग्रहातून वगळू शकतात, म्हणजे केलेलं कामही गेलं.

एक मात्र तुम्ही बरोबर धरलंत. पहिलाच पेपर, पहिलंच वर्ष, आणि परिषद बारीकशी असेल तर नको म्हणा. तिसऱ्या वर्षाला, चांगल्या परिषदेला, एकदा तरी जाऊ द्या. आणि दोन लाख तुमचे जात नाहीत, चार-पाच महिने अडकतात फक्त. मुलाला विचारा कुठे कुठे अर्ज केलेत, उत्तर गुळमुळीत आलं तर वरचं फोंड्याच्या मुलाचं उत्तर त्याच्या हातात द्या.

एमटेकला आहे, गेटच्या स्कॉलरशिपचे महिना १२,४०० मिळतात. आम्हाला कोण विचारतं? (फर्मागुडी)

खरं सांगू, बाहेरदेशीच्या ग्रँटमध्ये पीएचडीवाल्यांना आधी धरतात, तू रांगेत मागे. पण तुला परदेशच का हवाय? जानेवारीत बेंगळुरूला कॉम्सनेट्स होते, नेटवर्किंगची बरी परिषद, बाहेरचे मोठमोठे लोक येतात, आणि देशातल्या विद्यार्थ्यांना ट्रॅव्हल ग्रँट देतात, पेपर नसला तरी अर्ज करता येतो. नॅशनल कॉन्फरन्स ऑन कम्युनिकेशन्स आहे, दर वर्षी वेगळ्या संस्थेत. आयआयएससीची एसपीकॉम दोन वर्षांतून एकदा, सम वर्षाच्या जुलैत. डिसेंबरातली अँट्स तर २०१९ ला गोव्यातच झाली, तेव्हा आमच्या काही पोरांनी कदंब बसच्या तिकिटात आंतरराष्ट्रीय परिषद केली.

बेंगळुरूला रात्रीच्या बसने जा, सकाळी पोचतोस, मित्राच्या पीजीत अंघोळ, थेट हॉल. तिथे पोस्टर सेशन असतं त्यात पोस्टर टाक, एमटेकच्या अर्धवट कामाला पोस्टर हीच योग्य जागा, कोणीतरी येऊन तुझी चूक दाखवतो आणि ती चूक थिसिसच्या व्हायवाआधी कळते. आणखी एक, परिषदेला स्टुडंट व्हॉलंटियर लागतात, माइक फिरवायचा, बॅज वाटायचे, त्या बदल्यात रजिस्ट्रेशन माफ होतं काही ठिकाणी. विचारायला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेतल्या परिषदेसाठी ग्रँट मिळाली पण व्हिसा नाकारला तर? भरलेले पैसे कोण देणार? (कुंकळ्ळी)

व्हिसा फीचे १८५ डॉलर गेले ते गेले, नाकारला तरी परत येत नाहीत. ग्रँट देणारे बहुतेक वेळा प्रवास झाला तरच देतात, म्हणून तिकीट रिफंडेबल घे नाहीतर व्हिसा छापून आल्यावर घे, मधलं काही नको. परिषदेला नाकारल्याचा कागद लगेच पाठवून विचार की सहलेखकाने सादर केलं तर चालेल का, ऑनलाइन करू देता का. वेळेत विचारणाऱ्याला कुठेतरी वाट काढून देतात, परिषद झाल्यावर विचारणाऱ्याला नाही.

बाकी मुलाखत मुंबईला, रात्रीची कोकणकन्या पकड पण आदल्या दिवशी सकाळी पोचेल अशी, मुलाखतीच्याच दिवशी पहाटे उतरून धावत जाऊ नकोस, गाडी लेट झाली की संपलं. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा निमंत्रणपत्र, ग्रँटचं पत्र, संस्थेचं एनओसी सगळं कागदावर. ‘पैसे कोण देतंय’ हा प्रश्न विचारतातच, तिथे ग्रँटचं पत्र सगळ्यात जास्त बोलतं. युरोपवाल्यांसाठी, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, आणि ३० हजार युरोचा इन्शुरन्स लागतो. अर्ज जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाचा, पहिल्यांदा विमान जिथे उतरतं त्या देशाचा नाही, ही चूक दर वर्षी कोणीतरी करतोच.

पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजोबांच्या नावाने लिस्बनला नोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट काढला तर हे व्हिसाचं सगळं मिटेल ना? (कुडतरी)

युरोपचा व्हिसा मिटेल, आणि भारतीय नागरिकत्वही मिटेल. आपल्याकडे दोन पासपोर्ट चालत नाहीत. मग सरकारी फेलोशिप नि सरकारी ट्रॅव्हल ग्रँट यांच्या अर्जात ‘भारतीय नागरिक’ हा रकाना येतो तिथे तू काय लिहिणार? चार दिवसांच्या परिषदेसाठी आजोबांना एवढ्या लांब नेऊ नकोस, बाकी कारणं असतील तर वकील गाठ.

‘आपला पेपर निवडला गेला’ असा मेल आलाय, बँकॉकला आंतरराष्ट्रीय परिषद आहे, मी पेपर पाठवून दोनच दिवस झाले होते. रजिस्ट्रेशन केलं तर हॉटेलात सूट देतात. (वास्को)

दोन दिवसांत तर आपल्याकडे उत्पन्नाचा दाखलाही मिळत नाही, पेपर तपासून होतो? ज्या परिषदेत वायरलेस, शेती, मॅनेजमेंट आणि नर्सिंग एकाच हॉलमध्ये असतं तिथे जाऊ नकोस. नावात आयईईई घातलं म्हणून ती आयईईईची होत नाही, त्यांच्या परिषदांची यादी आहे, त्यात नाव शोध, नसेल तर विषय संपला. मागच्या तीन वर्षांचे पेपर कुठे छापले ते बघ. आणि अशा ठिकाणी ग्रँट कोणी देत नाही, म्हणजे पैसे शंभर टक्के तुझे.

मी मुलगी, एकटी जाणार म्हटल्यावर आई ऐकत नाही. (म्हापसा)

आईला सांग की तिथे एन-टू-वुमेन नावाचा गट आहे, नेटवर्किंग आणि कम्युनिकेशनमधल्या संशोधक बायकांचा, मोठ्या परिषदांत त्यांचं एकत्र जेवण असतं आणि विद्यार्थिनींना परिषदेला जायला फेलोशिपही देतात. आधी त्यांना मेल टाक, खोली वाटून घ्यायला कोणीतरी मिळते, हॉटेलचा खर्च निम्मा. आईला त्या मुलीचा फोन नंबर दे. माझ्या आईने तर माझ्याबरोबर खोलीत राहिलेल्या तमिळ मुलीला मोडक्या इंग्रजीत रोज फोन करून मी जेवले का विचारलं, मला नाही विचारलं.

ताई, मागच्या वर्षी तुम्ही सांगितलं तसं केलं, मामांकडून सव्वा लाख घेऊन गेलो. काल, म्हणजे पाच महिन्यांनी, ग्रँटचे पैसे खात्यात आले. माझा मोबाइल अगदीच गेलाय, त्यातले २० हजार तात्पुरते वापरले तर चालेल का? मामा काही म्हणणार नाहीत. (पेडणे)

मामा काही म्हणणार नाहीत म्हणूनच आज संध्याकाळी जाऊन दे, पूर्ण. पुढच्या वर्षी तुझी धाकटी बहीण एमटेकला आहे असं तूच लिहिलं होतंस.